सासऱ्यांच्या सायकलचं वय

एका झाऱ्यासाठी मी आमच्या घरातल्या सायकलचं वय देऊन टाकलं, हे आधीच कबूल करते. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. निदान तिखटमीठ माझ्या हातचं राहील.

लग्न होऊन वर्ध्याहून नागपुरात आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि बी.ए. होते. यातलं दुसरं मी कोणी न विचारताही सांगायची. सासर महाल भागातल्या एका गल्लीत, दोन खोल्यांचं. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात आमचे हे, माझे धाकटे दीर, आणि सासऱ्यांच्या मागे राहिलेली एक काळी, उंच, भारदस्त सायकल. हे तिच्यावरून ऑफिसला जात. मी त्या घरात सून म्हणून आले खरी, पण आल्या दिवसापासून मला वाटे की मला इथे व्यवस्था लावायला पाठवलंय.

पहिला दसरा आला. खंडेनवमीला घरातली हत्यारं, वाहनं धुऊन-पुसून त्यांची पूजा करायची असते, आणि आमच्याकडे हत्यार म्हणजे विळी आणि वाहन म्हणजे ही सायकल. मी पदर खोचला. सायकलच्या कपाळावर, म्हणजे हँडलच्या खाली, पितळेची एक पट्टी होती. तिच्यावर कंपनीचं नाव, काही आकडे, एक पक्षी की सिंह, काहीतरी होतं. मी ती चिंच आणि राखेनं अशी घासली, अशी घासली, की पक्षीही गेला आणि आकडेही गेले. नुसतं पितळ लखलखायला लागलं. मला फार आनंद झाला. मग खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइल पेंट दिसला. अर्धा डबा होता, वाळून वाया जाणार. मी सायकल हिरवी करून टाकली. दांडे, मडगार्ड, मडगार्डच्या आतली बाजू, सगळं. संध्याकाळी हे ऑफिसातून चालत आले (त्या दिवशी सायकल मी मागून ठेवली होती), दारात उभे राहिले आणि म्हणाले, पोपट कोणाचा आणला?

पण खरा पराक्रम त्याच आठवड्यात पुढे झाला. त्या काळी सायकलला दरवर्षी पालिकेचा बिल्ला घ्यावा लागे. पितळेचा, बंद्या रुपयाहून जरा मोठा, वर नंबर आणि सन उठवलेला. नवा बिल्ला लागला की जुना निकामी. सासऱ्यांनी मात्र एकही टाकला नव्हता. सगळे तारेत ओवून स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेले होते, आणि दार उघडलं की ते खुळखुळ वाजत. मला त्या आवाजाचा राग यायचा. गल्लीत मोडीवर भांडी देणारी बाई आली तशी मी ती तार काढून तिच्या टोपलीत टाकली आणि बदल्यात एक झारा घेतला. झारा बरा होता. त्याची भोकं जरा मोठी होती, बुंदी भजीएवढी पडायची.

आता एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

त्या दिवाळीत आमच्या वन्सं माहेरपणाला आल्या. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण, यांच्याहून बारा वर्षांनी मोठी, दिरांहून सोळा वर्षांनी. फराळाला सगळे बसलेले असताना त्या हिरव्या सायकलकडे बघून म्हणाल्या की हिच्यावर मी शाळेत जायची. दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. गल्लीतली सायकल चालवणारी पहिली मुलगी मी.

दीर लगेच म्हणाले की असं कसं, सायकल तर माझ्या जन्माची. मी झालो अन् घरात सायकल आली, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कोण्या आत्यानं लहानपणी सांगितलेलं. माझ्या पायगुणानं आली, हे ते पाहुण्यांना, मित्रांना, पुढे स्वतःच्या बायकोलाही ऐकवत आले. आणि दिरांच्या जन्मानंतर वर्षभरात तर वन्संचं लग्न झालेलं. म्हणजे सायकल त्यांच्या शाळेच्या वेळी असणं शक्यच नव्हतं. आमचे हे त्या सुमाराला चार वर्षांचे. त्यांना काही आठवत नव्हतं. त्यांना कालचंही आठवत नाही, ते सोडा.

तेव्हा मध्ये कोणी बोलायची गरज नव्हती. पण बी.ए. झालेली मुलगी गप्प कशी बसेल? मी म्हटलं, "वन्सं, मग तुम्ही शाळेत जाताना भाऊजी पाळण्यात होते की कॅरिअरवर?"

सगळे खो खो हसले. एकजण तर चकली घशात अडकेपर्यंत हसला. वन्संही हसल्या, पण त्यानंतर ती गोष्ट त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. पन्नास वर्षं झाली.

आता आम्ही प्रताप नगरला राहतो आणि सायकल मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी असते. टायर बसलेले, सीट फाटलेली, रंग अजून हिरवा. कशाचा पेंट होता कोण जाणे, माझ्यापेक्षा चांगला टिकलाय. वन्सं सत्त्याऐंशीच्या झाल्या. गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. त्याच दिवसांत हुडकेश्वरहून दीर आले, हातात एक फॉर्म घेऊन. शहरात जुन्या वाहनांचं प्रदर्शन भरणार होतं, मोटारी, स्कुटरी, सायकली. त्यांनी आमच्या सायकलचं नाव द्यायचं ठरवलं होतं. प्रत्येक वाहनापुढे त्याची हकिकत छापून पाटी लावणार होते. दिरांनी फॉर्म भरूनच आणला होता, फक्त यांची सही हवी होती.

वन्संच्या डोळ्यावर काळा चष्मा. त्या मला म्हणाल्या, काय लिहिलं वाच. मी वाचलं. वर्षाच्या रकान्यात दिरांनी आपलं जन्मवर्ष टाकलं होतं, आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं की सदर सायकल आमच्या वडिलांनी माझ्या जन्माप्रीत्यर्थ खरेदी केली.

वन्संनी पोह्यांची बशी खाली ठेवली. रश्श्याची लाल तर्री वर तशीच तरंगत होती.

"लिहू दे," त्या म्हणाल्या. "छापलं म्हणजे खरंच असंल."

नंतर त्या उठून आत जाऊन पडल्या. माझ्या घरात तर्रीपोहे अर्धे टाकून उठलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि वन्सं तर बशी पुसून खाणाऱ्या. तेव्हा कुठे मला कळलं की पन्नास वर्षं ही बाई आपल्याच माहेरी खोटारडी ठरून राहिली होती, आणि आता ते पाटीवर छापून येणार होतं. तिला खोटं पाडण्यात माझा वाटा दिरांपेक्षा मोठा. ते नुसते बोलले होते. मी तर पुरावाही मोडीत घातला होता.

फॉर्म द्यायला चार दिवस होते. मी दिरांना सांगितलं की वर्ष नक्की करूनच देऊ, तुमच्याच पाटीची शोभा वाढेल. ते भुलले. मोठ्या वहिनीच्या गोड बोलण्याला भुलणं त्यांना आजतागायत सोडवलेलं नाही.

आधी मी भिंग घेऊन त्या पितळेच्या पट्टीपुढे बसले. पट्टीत मला माझं नाक दिसलं, बाकी काही नाही. मग ई-रिक्षा बोलावली, सायकल तिच्यात आडवी घातली, मी तिच्याशेजारी उभी घातल्यासारखी बसले, आणि आम्ही दोघी महालात गेलो. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, यांच्या वेळेपासूनचे. आता इलेक्ट्रिक सायकली दुरुस्त करतात, पण हात जुने आहेत.

त्यांनी सायकल उलटी केली, सुलटी केली, ब्रेकच्या दांड्या हलवून पाहिल्या, सीटच्या स्प्रिंगा दाबल्या. विलायती माल, म्हणाले, असं लोखंड आता भेटत नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागेची असेल. मी म्हटलं आगे की मागे ते सांगा. ते म्हणाले, पाच-सात सालाचा फरक लोखंड पाहून कोणालेच सांगता येत नाही, आजी. मग सीटच्या खाली दांड्यावर त्यांनी पॉलिश पेपर घासला. माझ्या हिरव्या रंगाखालून काळा रंग आला, काळ्याखालून लोखंड, आणि लोखंडावर ठोकलेला लांबलचक नंबर. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी थांबवलं. नंबरवरून सन काढायचा तर कंपनीचं रजिस्टर लागतं, आणि कोणती कंपनी ते पट्टीवर लिहिलेलं असतं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं की हे कोणी घासलं?

मी म्हटलं, होती एक.

मग ते म्हणाले, त्या जमान्यात लोक पालिकेचे बिल्ले जपून ठेवायचे. ते असले तं सवालच नाही. सगळ्यात जुना बिल्ला ज्या सालाचा, त्या साली सायकल घरात होती, बस. पाहा कुठं पडले असतील.

मी त्यांना झाऱ्याची गोष्ट सांगितली. हा माणूस एवढा हसला की त्याच्या हातातला चहा सायकलवर सांडला, आणि तो पुसताना पुन्हा हसला. शेजारच्या दुकानदाराला बोलावून त्यालाही सांगितलं. मी उभी राहून दोघांचं हसणं ऐकलं. येतानाची रिक्षा मिळेपर्यंत आणखी दोघांना समजलं होतं.

घरी येऊन मी वन्संपुढे सगळं ओकले. पट्टी, रंग, तार, झारा. वाटलं रागावतील. पण त्यांनी विचारलं, "मिस्त्रीनं मागचं मडगार्ड काढून पाहिलं का?"

मी म्हटलं नाही. का?

"काही नाही."

आता "काही नाही" म्हटल्यावर गप्प बसणारी मी नव्हे. मी त्यांना चहा दिला, पाय दाबले, तीळपोळी करते म्हटलं. शेवटी एवढंच कळलं की मडगार्डची काहीतरी भानगड आहे, पण ती सांगायची नाही अशी आईनं त्यांना शपथ घातली आहे. म्हणजे माझ्या सासूबाईंनी. सासूबाई जाऊन पन्नासच्या वर वर्षं झालेली, आणि ही सत्त्याऐंशी वर्षांची मुलगी अजून त्यांना भिऊन होती.

मी विचारलं की शपथ सांगायची नाही अशी आहे की दाखवायची नाही अशी?

वन्संनी काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं. "लय शिकलेली आहेस तू," त्या म्हणाल्या. "सांगायची नाही, अशी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली तशी मी पेरूखाली चटई टाकली, सायकल आडवी केली, पॉलिश पेपर, रॉकेलचा बोळा आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. वन्सं खुर्चीत, हातात काठी. ठरलं असं की त्यांनी एक शब्द बोलायचा नाही. मी खरवडत जायचं, जागा चुकली की त्यांनी खाकरायचं, जवळ आलं की काठी आपटायची. मी वरून सुरुवात केली. खाकरल्या. बाजूनं गेले. खाकरल्या. हे वर्तमानपत्र घेऊन मागच्या दारात आले, बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले, आणि दोघींची औषधं बदलली गेली की काय असं विचारून आत गेले.

मग मी मडगार्डच्या आतल्या बाजूला हात घातला, चाकाच्या मागे, अगदी खाली. काठी वाजली. आणखी खाली. काठी दोनदा वाजली. बोटाला काहीतरी गोल लागलं, दोन रिबिटांनी ठोकून बसवलेलं, वर माझा हिरवा पेंट चांगला दोन हात. रॉकेलनं भिजवून, नखानं, बोळ्यानं, हळूहळू तो सोडवला. खाली काळा रंग, काळ्याखाली पितळ निघालं. मग नंबर निघाला. मग सन. एकेक आकडा मी मोठ्यानं वाचला आणि वन्संनी बोटांवर हिशेब केला, जरी दोघींनाही तो आकडा ऐकताक्षणी कळला होता. भाऊजींच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा.

काठी एवढी वाजली की पेरूवरचे राघू उडाले.

"आता तुले सापडलंच," वन्सं म्हणाल्या, "म्हणजे मी सांगितलं असं काही होत नाही."

आणि मग ती गोष्ट बांध फुटल्यासारखी आली. शाळा लांब होती, म्हणून बाबांनी सायकलला होकार दिला, पण एका अटीवर: एकदा जरी पडलीस तरी सायकल बंद आणि शाळाही बंद. आणि एके सकाळी ही तेरा वर्षांची मुलगी कैची मारत गल्लीच्या वळणावरून आली, समोर एका बाईनं बाजेवर उडदाचे पापड वाळत घातलेले. ब्रेक दाबायचं लक्षात येण्याआधी ती पापडांच्या मधोमध होती. गुडघा फुटला, बाजेचा पाय मोडला, मागचं मडगार्ड खालून चिरलं. बाबा पायी ऑफिसला गेलेले. आईनं आधी पापडवाल्या बाईला दोन दिवसांत तेवढे पापड लाटून देते म्हणून गप्प केलं. मग मुलगी आणि सायकल दोघींना घेऊन त्या वेळच्या मिस्त्रीकडे गेली. त्यानं पत्रा मागितला. सीटखालच्या चामडी पिशवीत, जिथं बाबा पाने-पकड ठेवत, तिथं गेल्या सालचा निकामी बिल्ला पडलेला होता, अजून तारेत ओवायचा राहिलेला. त्याचंच ठिगळ आतून ठोकलं. वरून काळा रंग. बाबांना मरेपर्यंत कळलं नाही. आणि त्या रात्री आईनं मुलीचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली की हे कोणालेही सांगायचं नाही.

"पडली हे सांगितल्याशिवाय ठिगळ कसं सांगू?" वन्सं म्हणाल्या. "अन् ठिगळ सांगितल्याशिवाय तुम्ही लोक कुठं मानता?"

मी म्हटलं, काही म्हणा, माझ्या हिरव्या रंगानं तो बिल्ला जपला. दारातून हे म्हणाले की पितळ गंजत नसतं. या माणसाचे कान बरोबर वेळेला जागे होतात.

दुपारी दीर आले. मी काही न बोलता त्यांना चटईवर बसवलं, मोबाईलचा उजेड पाडला आणि वाचायला लावलं. त्यांनी तीनदा वाचलं. मग वकिलासारखा एक मुद्दा काढला की मिस्त्रीनं कोणाचाही जुना बिल्ला ठोकला असेल. मी म्हटलं, असेल, पण तो कुठं ठोकलाय हे डोळ्याला चष्मा लावून खुर्चीत बसलेल्या बाईला कसं माहीत?  एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण चेहरा असा पडला की मला त्यांची दया आली. थोड्या वेळानं त्यांनी बहिणीला विचारलं, "मग माझ्या जन्माला बाबांनी काहीच नाही आणलं का, ताई?"

"आणली ना गा. घंटी आणली," वन्सं म्हणाल्या. "आधी सायकलले घंटी नव्हती, मी तोंडानं ओरडत जायची. तू झाला अन् बाबांनी घंटी लावली. तू रडला की आई ओसरीत जाऊन वाजवायची, अन् तू चूप."

दिरांनी उठून हँडलवरची घंटी वाजवून पाहिली. गंजलेली, खर्र करून एकदाच बोलली. ते पुन्हा वाजवत राहिले. मग फॉर्म मागितला, आपलं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं: सायकल माझ्या जन्माच्या किमान चार वर्षं आधीची, हिच्यावर आमची मोठी बहीण शाळेत जात असे, घंटी मात्र माझ्या जन्माची. वन्संना वाचून दाखवलं. त्यांनी "किमान" शब्द दोनदा वाचायला लावला, कारण सायकल आल्याला तेव्हाच वर्ष झालं होतं असं त्यांचं म्हणणं. हेही पुढे आले आणि म्हणाले की सायकल माझ्याच जन्माची दिसते. दोघांनीही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

दीर गेल्यावर अंगणात आम्ही दोघीच राहिलो. माझी नखं अजून हिरवी होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या फराळाबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं, आणि एरवी न विचारता बोलणाऱ्या मला शब्द सुचेनात. शेवटी म्हटलं की वन्सं, त्या दिवाळीत मी तुम्हाला सगळ्यांपुढे हसले, फार चुकलं माझं, माफ करा. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली, चष्मा नीट केला.

"माफी काहून मागून राहिली वं? तू हसली ते बरंच केलं. हसली नसती तं मीच भावाशी इरेला पेटून दुसऱ्या दिवशी सारं सांगून बसली असती, अन् आईची शपथ गेली असती बोंबलत. तुह्या जिभेनं मले पन्नास वर्षं चूप ठेवलं. जाय, आता चहा मांड."